पदपथाचा उतार आणि रस्त्याची खोदाई : दिव्यांगांच्या वाटेमागचा कायदा, कोल्हापूरच्या संदर्भात

कोल्हापुरात रस्त्याचे काम निघाले की चर्चा होते ती डांबराच्या थराची, ठेकेदाराची आणि पावसाळ्याआधी काम उरकेल का याची. त्याच कामात पदपथाची उंची किती धरली, चौकाच्या कोपऱ्यावर तो रस्त्याच्या पातळीला उतरवला का आणि खोदलेल्या चराला आडोसा कशाचा केला, हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या, कुबड्या घेऊन चालणाऱ्या किंवा पांढऱ्या काठीने वाट चाचपणाऱ्या माणसाला घराबाहेर पडता येईल की नाही, हे मात्र याच प्रश्नांवर ठरते. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हाभरातून लोक सीपीआर या सरकारी रुग्णालयात येतात; बसथांब्यापासून रुग्णालयाच्या दारापर्यंतचे अंतर थोडे असले तरी ते कोणाच्या मदतीविना कापता येणे ही वेगळी गोष्ट आहे. याबाबत कायदाच नाही, असा अनेकांचा समज असतो. कायदा आहे आणि तो तीस वर्षांपासून आहे. इमारतींच्या बाबतीत तो थोडाफार रुजला आणि रस्त्यांच्या बाबतीत रुजला नाही, याचे कारण पुष्कळसे त्याच्या घडणीतच सापडते.

संयुक्त राष्ट्रांनी १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून भारतात स्वतंत्र कायद्याची मागणी जोर धरू लागली. केंद्र सरकारने १९८७ मध्ये न्यायमूर्ती बहरुल इस्लाम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि पुढे १९९५ चा अपंग व्यक्ती अधिनियम संमत होऊन ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. या कायद्याचे कलम ४५ खास रस्त्यांविषयीचे होते. सिग्नलवर ध्वनिसंकेत बसवावेत, चाकाच्या खुर्चीसाठी पदपथाच्या कडा कापून उतार करावेत, दृष्टिहीनांना पायाखाली कळावे म्हणून झेब्रा क्रॉसिंगच्या पृष्ठभागावर खाचा कराव्यात, योग्य त्या ठिकाणी धोक्याच्या सूचना लावाव्यात, इतक्या नेमक्या शब्दांत सरकार आणि स्थानिक संस्थांची कर्तव्ये त्यात सांगितली होती. परंतु कलमाच्या आरंभीच ‘आर्थिक क्षमता आणि विकासाच्या मर्यादेत’ अशी सवलत होती. ज्या नगरपालिकांना आणि महापालिकांना गटारींची डागडुजीही पुढच्या वर्षावर ढकलावी लागते, त्यांच्या हाती ही सवलत पडल्यावर काय होणार, हे सांगायला नको.

कोल्हापूरला हा विषय नवा नव्हता. स्वतः चाकाची खुर्ची वापरणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ ही संस्था येथे उभी केली, म्हणजे कायदा येण्याच्या अकरा वर्षे आधीच या शहराने चाकाच्या खुर्चीवरून चालवलेले सार्वजनिक कार्य पाहिले होते. शिक्षण, वसतिगृह, रोजगार यांविषयीची समज त्यातून शहरात निश्चितच वाढली. रस्ता हा मात्र संस्थेच्या आवाराबाहेरचा भाग, आणि तो नेहमी सरकारी अंदाजपत्रकातून घडतो.

भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराला अनुसमर्थन दिले. त्याला सुसंगत असा आणि १९९५ च्या कायद्याची जागा घेणारा २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या कलम ४१ मध्ये दिव्यांगांना वावरता येतील असे रस्ते पुरवणे ही शासनाची जबाबदारी ठरली आणि या वाक्याला जुनी आर्थिक सवलत जोडलेली नाही. कागदावर हे पुढचे पाऊल होते. तरीही कलम ४४ शेजारी ठेवून वाचले की उणीव दिसते. इमारतीचा आराखडा सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येण्याच्या, नियमांत बसत नसेल तर बांधकामाला परवानगी द्यायची नाही आणि नियम पाळले नसतील तर पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही, असे ते कलम सांगते. खासगी विकासकाला महापालिकेच्या नगररचना विभागाच्या दारात उभे राहावेच लागते, त्यामुळे निदान दाखल्यापुरता तरी रॅम्प होतो. रस्त्याला असे दार नाही. तो महापालिका स्वतः आखते, स्वतःच त्याची निविदा काढते, तिचेच अभियंते मोजमाप पुस्तिकेत नोंदी करतात आणि देयकही तीच मंजूर करते. पदपथाचा उतार राहून गेला म्हणून बिल अडले, असे त्यामुळे सहसा घडत नाही.

मोजमापे ठरलेली नाहीत, अशी तक्रार करायलाही जागा नाही. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेने पादचारी सुविधांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे १९८८ मध्ये प्रसिद्ध केली आणि २०१२ मध्ये ती सुधारली. त्यांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, डोक्यावर २.२ मीटरपर्यंत अडथळा नको, कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि उतार १ : १२ पेक्षा तीव्र नको. हे आकडे एकत्र मांडले की अडचण कुठे आहे ते कळते. १५० मिलिमीटरची कडा १ : १२ ने उतरवायची तर उताराची लांबी १.८ मीटर होते, म्हणजे किमान रुंदीचा अख्खा पदपथ त्यात खपतो. त्यामुळे कोपऱ्यावर पदपथच खाली घ्यावा लागतो किंवा मुळात कडा बुटकी ठेवावी लागते. पदपथ बांधून झाल्यावर सिमेंटचा एक घमेला ओतून हे साधत नाही. शहराच्या जुन्या भागात, जेथे गटारीवर टाकलेले स्लॅब हाच पदपथ असतो, तेथे तर गटारीची पातळी ठरते तेव्हाच सगळे ठरून जाते. दृष्टिहीनांना पायाखालच्या उंचवट्यांवरून वाट कळावी म्हणून बसवायच्या स्पर्शफरशांचेही तसेच आहे. जपानमधल्या ओकायामा शहरात सेइइची मियाके यांनी शोधलेली ही फरशी १९६७ मध्ये तिथल्या अंधशाळेजवळच्या रस्त्यावर प्रथम बसवली गेली. उभ्या रेषा म्हणजे चालत राहा आणि गोल ठिपके म्हणजे थांबा, ही तिची साधी रीत. आपल्याकडे ती पुष्कळदा पिवळी नक्षी म्हणून बसवली जाते आणि विजेच्या खांबापाशी जाऊन संपते.

उतार नेमका केव्हा करायचा, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर अमेरिकेतल्या एका खटल्यात मिळाले. तेथील १९९० च्या दिव्यांग कायद्यानुसार एखाद्या सुविधेत ‘बदल’ केला की ती सुगम्य करणे बंधनकारक होते. फिलाडेल्फिया शहराचे म्हणणे असे, की जुन्या रस्त्यावर डांबराचा नवा थर देणे ही केवळ देखभाल आहे. १९९३ मध्ये अपील न्यायालयाने ते अमान्य केले. थर दिल्याने रस्त्याचा उपयोग बदलतो, म्हणून तो बदलच ठरतो आणि त्याच वेळी कोपऱ्यांवर उतार करणे भाग आहे, असा निर्णय दिला. आपल्या कायद्यात रस्त्यांसाठी इतके नेमके सूत्र अद्याप आलेले नाही. परिणामी दर काही वर्षांनी थरावर थर चढतो, असलेल्या उताराचा पायथा डांबराखाली जातो, तेथे पाणी साचते आणि चेंबरची झाकणे खड्ड्यात उरतात.

रस्ता नव्याने करतानाच उतार करून घेण्याची संधी कोल्हापूरपुढे अलीकडच्या काळात एकदा नव्हे, दोनदा आली. बांधा-वापरा-हस्तांतरित करा या तत्त्वावर शहरातील सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांचा एकात्मिक विकास प्रकल्प झाला, तेव्हा मुख्य रस्ते नव्याने आखले जात होते. त्या प्रकल्पावरून पेटलेले टोलविरोधी आंदोलन राज्यभर गाजले आणि अखेर टोल रद्द झाला. पण साऱ्या वादाचा रोख टोल, खर्च आणि कामाचा दर्जा यांवर राहिला, आणि ते स्वाभाविकही होते. पुढे काळम्मावाडी धरणातून टाकलेल्या थेट पाइपलाइनचे पाणी शहरात पोहोचेपर्यंत आणि त्याबरोबर अंतर्गत जलवाहिन्यांसाठी अनेक भागांत रस्ते उकरले गेले. उकरलेला रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च अशा कामात धरलेला असतोच. पूर्ववत म्हणजे आधी होता तसा, हाच अर्थ घेतला की उताराचा प्रश्न पुन्हा पुढच्या निविदेवर जातो. दिव्यांग कल्याणासाठी स्थानिक संस्थांनी ५ टक्के निधी राखून ठेवावा असा राज्याचा आदेश आहे, तेव्हा त्यातून उतार करावेत, असेही सुचवले जाते. माझ्या मते हे चुकीचे आहे. पदपथ चालण्याजोगा करणे हे रस्त्याच्याच अंदाजपत्रकातले काम आहे; व्यक्तींच्या साहाय्यासाठीचा निधी तेथे वळवणे योग्य नाही.

काम चालू असतानाची वाट हा याहूनही दुर्लक्षित भाग. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात खोदलेल्या जागेला कुंपण घालावे आणि रात्री दिवे लावावेत, अशी तरतूद आहे. ती आवश्यक असली तरी दिव्याचा उपयोग डोळसालाच. लाल-पांढरी फीत बांधली की कुंपण झाले, असे साइटवर मानले जाते. पांढरी काठी त्या फितीखालून सरळ जाते आणि तिच्यामागे माणूस चरापर्यंत पोहोचतो. अमेरिकेच्या वाहतूक नियमावलीने फीत, दोर किंवा साखळी यांना दृष्टिहीनांसाठीचा अडसर मानायचे नाही, असे स्पष्ट केले आहे, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तेथे प्रसिद्ध झालेल्या सार्वजनिक पदपथांच्या नियमांनी पदपथ बंद केल्यास सुगम्य पर्यायी वाट देण्याची आणि कुंपणाची खालची कड जमिनीपासून दोन इंचांच्या आत ठेवण्याची अट घातली. आपल्याकडेही रोड्स काँग्रेसची काम चालू असलेल्या जागेविषयीची तत्त्वे २००१ पासून आहेत आणि २०१४ मध्ये ती सुधारली गेली. निविदेच्या अटींत त्यांचा नुसता क्रमांक येतो. त्यासाठी दरपत्रकात वेगळी बाब धरली नाही, तर ठेकेदार ती करणार कशातून?

न्यायालयांनी गेल्या काही वर्षांत हा विषय पुढे रेटला आहे. रस्ते आणि सार्वजनिक जागा दृष्टिहीनांना वापरता याव्यात यासाठी राजीव रतुरी यांनी २००५ मध्ये केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१७ रोजी सविस्तर आदेश दिले. त्याच प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, २०१६ च्या कायद्याखालील सुगम्यतेविषयीचा नियम १५(१) केवळ शिफारशींच्या स्वरूपाचा असल्याने कायद्याशी विसंगत आहे, असे ठरवून बंधनकारक नियम तीन महिन्यांत करण्यास केंद्राला सांगितले. १४ मे २०२५ रोजी, पदपथ मिळणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ खालील हक्काचा भाग असून ते दिव्यांगांनाही वापरता आले पाहिजेत, असे त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात म्हटले. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये चाकाची खुर्ची वापरणाऱ्या एका नागरिकाच्या पत्राची स्वतःहून दखल घेऊन मुंबईच्या पदपथांवरील खांबांचा प्रश्न हाती घेतला होता. त्या न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात, सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयीन इमारतीत बसते, त्यामुळे कोल्हापूरसह सहा जिल्ह्यांतील अशा याचिकांना आता मुंबई गाठावी लागत नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेले कलम १९८अ याच संदर्भात वाचण्यासारखे आहे. रस्त्याच्या रचनेची मानके न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे रस्त्याने नवे अपंगत्व दिले तर शिक्षा. आधीच अपंगत्व असलेल्याची वाट अडवली, तर हे कलम गप्प राहते. त्याच दुरुस्तीने आलेल्या कलम २१०ड नुसार राष्ट्रीय महामार्ग वगळता इतर रस्त्यांची रचना, बांधणी आणि देखभाल यांचे नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. हे नियम सहा महिन्यांत करावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्व राज्यांना दिला. महाद्वार रोड, लक्ष्मीपुरी किंवा राजारामपुरीतले रस्ते याच कलमाच्या कक्षेत येतात.