कॅमेऱ्यातलं +/− आणि घरचा ब्राइटनेस: दोन्ही एक नव्हेत

‘आकाश पांढरं आलं? राहू दे, घरी ब्राइटनेस कमी करू.’ तोरणमाळचा यशवंत तलाव असो की चांगदेवचा तापी-पूर्णा संगम, कॉम्पॅक्ट कॅमेरा हातात असलेल्याच्या तोंडी हे वाक्य हमखास येतं. घरी ब्राइटनेस कमी होतोही, पण ढग काही परत येत नाहीत. पांढऱ्याचं राखाडी होतं, एवढंच. मग बोल कॅमेऱ्याला लागतो, आणि पुढच्या सहलीत तेच वाक्य पुन्हा.

ब्राइटनेस सगळ्यांना ठाऊक आहे, फोटो काढून झाल्यावर सरकवायची पट्टी. त्यावर वेळ घालवत नाही. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणजे कॅमेऱ्यावरचं +/− चिन्हाचं बटण. ते फोटो काढण्याआधी वापरायचं, कारण फोटोत उजेड किती नोंदला जाणार हे तिथेच ठरतं. बहुतेक कॉम्पॅक्टमध्ये ते −२ ते +२ पर्यंत, एक-तृतीयांशाच्या पायऱ्यांनी सरकतं. +१ म्हणजे दुप्पट उजेड, −१ म्हणजे निम्मा. पूर्ण ऑटोमध्ये अनेक कॅमेरे या बटणाला हातच लावू देत नाहीत, म्हणून डायल ‘पी’वर, म्हणजे प्रोग्रॅम मोडवर ठेवा. डोंगर-शेतांच्या फोटोंसाठी पूर्ण ऑटो वापरूच नये, या मतावर मी ठाम आहे.

जेपेग, म्हणजे कॉम्पॅक्ट कॅमेरे सहसा साठवतात त्या फाईलच्या फोटोत प्रत्येक ठिपक्याचा लाल, हिरवा, निळा रंग ० ते २५५ या आकड्यांत साठतो. त्यापलीकडचा उजेड कितीही असो, नोंद २५५चीच. ढगाची कड आणि मागचं आभाळ दोन्ही २५५ झाले की त्यांच्यातला फरक फोटोत उरतच नाही. नंतर पट्टी ओढली की दोन्ही एकदम २०० होतात, म्हणजे सपाट राखाडी. उलट सावलीतल्या मातीत एक ठिपका २०, शेजारचा २६ असेल तर फरक शाबूत आहे. घरी उजळलं तर थोडे दाणे दिसतील, पण नांगराचे तास उमटतील. म्हणून इकडच्या खानदेशी उन्हात चूक करायचीच असेल तर काळोखाच्या बाजूने करावी. चौकटीत आकाश आणि खाली गडद रान असेल तर मी −२/३पासूनच सुरुवात करतो.

आता सगळ्यांचा पाय घसरतो ती जागा. ‘दृश्य उजळ, म्हणून वजा, दृश्य काळं, म्हणून अधिक.’ हे साफ उलटं आहे. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोर कपाशी आहे की कोळसा, हे कळत नाही. जे दिसेल ते मध्यम करड्या छटेचं आहे, असं धरूनच ते मोजतं. ती छटा सर्वसाधारणपणे १८ टक्के उजेड परतवणारी मानतात. वेचणीला आलेल्या पांढऱ्याशुभ्र कपाशीने चौकट भरली की मीटर तिला मळकट करून टाकतं, तिथे अधिक हवं. तोरणमाळच्या पावसाळी धुक्यालाही अधिकच. नुकतीच नांगरलेली काळी जमीन मात्र मीटर राखेसारखी फिकी करतं. तिला वजा हवं.

मग आकाशासाठी वजा कसं? तर आकाशाची नुसती पट्टी आणि खाली काळी जमीन किंवा दाट केळीची बाग असेल, तर मीटर त्या गडद भागाकडे बघून सगळंच उजळतं आणि पट्टी जळून जाते. तेच आकाश दोन-तृतीयांश घेतलं तर मीटर आपणहून फोटो काळवंडवतं. तेव्हा वरून आणखी वजा केलं तर शेत हरवलंच. आताची मीटरं चौकटीचे भाग पाडून मोजतात, तरी कल हाच राहतो. क्षितिज कुठे ठेवलं यावर उजेडाचा हिशोब बदलतो, म्हणून चौकट आधी ठरवा, +/− नंतर.

आणि क्षितिज बरोबर मधोमध ठेवण्याची सवय मला अजिबात सहन होत नाही. मे महिन्यातलं रिकामं, पांढुरकं आकाश कापून टाका. ती जागा बांधाला, बैलगाडीच्या चाकोरीला द्या. जूनमध्ये सातपुड्यावर ढग चढले की मात्र आकाशाला मोकळीक द्या. तिरकं क्षितिज घरी सरळ होतं, पण कडा कापल्या जातात. डिजिटल झूम म्हणजे घरी कापणंच, तो बंद ठेवा. कोपऱ्यातली नारिंगी तारीखही बंद.

तिसरी गल्लत छोटी, पण घातकी आहे. भर उन्हात स्क्रीन दिसेना म्हणून तिचा ब्राइटनेस वाढवतात आणि त्या स्क्रीनवरून फोटो उजळ की काळा ते ठरवतात. फाईल तशीच असते, बदललेली असते ती फक्त काच. हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळोख आणि उजवीकडे उजेड दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख, बघा. आलेखाचा ढीग उजव्या भिंतीला चिकटला असेल तर पुन्हा काढा.

उन्हाची दिशा मात्र कुठलंच बटण बदलत नाही. रावेर-यावलच्या मैदानातून सातपुड्याकडे बघताना तोंड उत्तरेला असतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे ऊन आपल्या पाठीवर आणि डोंगराच्या तोंडावर पडतं. तिथे सरळ कामं होतात. चाळीसगावहून पाटणादेवीच्या डोंगरांकडे किंवा धुळ्याहून लळिंगच्या किल्ल्याकडे कॅमेरा वळवला की तोंड दक्षिणेला आणि ऊन डोळ्यांत. तिथे सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जा, उजेड बाजूने पडतो. दुपारीच पोहोचलात तर −१ वर नेऊन डोंगराची नुसती काळी कड घ्या. किंवा शटरचं बटण अर्धंच दाबून आकाशाच्या उजळ भागावर धरा आणि मग चौकट जुळवा. बहुतेक कॉम्पॅक्टमध्ये अर्ध्या बटणाने फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही अडकून राहतात. फक्त तो उजळ भाग लांबचा, डोंगराच्या कडेलगतचा असू द्या, नाहीतर फोकस चुकतो.