सुपरमॅनचं भांडण वेगळं, बॅटमॅनचं भांडण वेगळं

दर दोन-तीन महिन्यांनी तोच फॉरवर्ड फिरून येतो. "सुपरमॅन फक्त १३० डॉलरला विकला गेला, आणि बॅटमॅनच्या खऱ्या लेखकालाही कंपनीनं असंच फसवलं." खाली जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो, त्याखाली दोनशे कमेंटमध्ये हळहळ. हळहळ वाटायलाच हवी, मलाही वाटते, पण या दोन गोष्टी एका माळेचे मणी नाहीत हो. त्या एकत्र केल्या की बॅटमॅनच्या बाबतीत ज्यानं मुख्य अन्याय केला तो माणूस सहीसलामत सुटतो, आणि सगळं बिल कंपनीच्या नावावर फाटतं. म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

आधी एक किरकोळ गोष्ट. या दोन्हींमध्ये स्टॅन ली कुठेच नाही. तो मार्व्हल या कॉमिक्स कंपनीचा लेखक, सुपरमॅन आणि बॅटमॅन डीसी या दुसऱ्या कंपनीचे. एवढंच.

सुपरमॅनची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, त्यामुळे भराभर सांगतो. क्लीव्हलंडमधले दोन शाळकरी मित्र, जेरी सीगल लिहिणार आणि जो शुस्टर चित्रं काढणार, दोघांचा जन्म १९१४ चा. सुपरमॅन त्यांनी वर्तमानपत्रातल्या चित्रकथेच्या पट्टीसाठी बनवला होता, वर्षानुवर्षं इकडेतिकडे पाठवला, सगळीकडून नकार. शेवटी १९३८ मध्ये, आज आपण जिला डीसी म्हणतो त्या कंपनीनं घेतला. तयार पट्टीच्या चौकटी कापून, कागदावर चिकटवून १३ पानं केली, पानाला १० डॉलर, म्हणजे १३०. चेक खरं तर ४१२ डॉलरचा होता, त्यात त्यांच्या बाकीच्या कामाचेही पैसे होते, आणि हाच चेक २०१२ मध्ये लिलावात १,६०,००० डॉलरला गेला. पैसे घेताना दोघांनी हक्क लिहून दिले. जून १९३८ चा ॲक्शन कॉमिक्सचा पहिला अंक आला आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

बॅटमॅनची गोष्ट मात्र लोकांना अर्धीच माहीत असते. सुपरमॅन धो धो चालतोय म्हटल्यावर त्याच कंपनीच्या संपादकाला तसलाच आणखी एक हिरो हवा होता, आणि न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सचा बॉब केन नावाचा तरुण चित्रकार म्हणाला, मी देतो. त्यानं काढलेला पहिला बॅटमॅन लाल कपड्यातला होता, डोळ्यांवर छोटासा मुखवटा, पाठीला दोन ताठ पंख. तो त्यानं बिल फिंगरला दाखवला. फिंगर तेव्हा बूट विकायचं काम करत होता आणि केनसाठी गोष्टी लिहून द्यायचा. फिंगर म्हणाला कपडे राखाडी कर, पंख काढून केप लाव, डोक्यावर कान असलेला मुखवटा घाल, डोळ्यांत बुबुळं दाखवू नकोस, हातमोजे दे. आज कुठल्याही लहान मुलाला बॅटमॅन काढायला सांगा, ते पोरगं जे काढेल त्यातलं जवळजवळ सगळं या एका बैठकीतलं आहे. मे १९३९ च्या डिटेक्टिव्ह कॉमिक्सच्या २७ व्या अंकातली पहिली गोष्ट फिंगरनं लिहिली. ब्रूस वेन हे नाव त्याचं, गॉथम हे शहराचं नाव त्याचं, आणि तेही टेलिफोन डिरेक्टरीत 'गॉथम ज्वेलर्स' दिसलं म्हणून सुचलेलं. आणि छापून काय आलं? बॉब केन. नुसतं बॉब केन.

शाळेत असताना रद्दीवाल्याकडून जुने बॅटमॅनचे अंक आणायचो मी, पहिल्या पानावर एका चौकटीत केनची सही असायची, ती मी वहीच्या मागे घोटून घोटून काढायला शिकलो होतो. या माणसाचा हात काय सुंदर आहे असं वाटायचं. नंतर कळलं की पन्नास आणि साठच्या दशकातली कितीतरी पानं शेल्डन मोल्डॉफ नावाच्या चित्रकारानं गुपचूप काढून दिलेली, गोष्ट फिंगरची किंवा आणखी कुणाची, आणि सही तेवढी केनची. तेव्हा जे वाईट वाटलं ते अजून गेलेलं नाही, आणि हा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे.

आता मुद्द्यावर येतो. जमिनीचं उदाहरण घ्या, आपल्याला पटकन कळतं. दारावरची पाटी वेगळी आणि सातबारा वेगळा. पाटीवर नाव म्हणजे लोकांना कळतं की हे कुणी उभं केलं. सातबाऱ्यावर नाव म्हणजे विकायचा, भाड्यानं द्यायचा, पाडून नवं बांधायचा हक्क कुणाचा ते ठरतं. एक असून दुसरं नसू शकतं, आणि कॉमिक्समध्ये तर बहुतेक वेळा तसंच असतं. 'श्रेय मिळालं' ही बातमी वाचून लोक 'चला, हक्क मिळाले' असं धरून चालतात, तिथेच सगळा घोळ होतो.

सुपरमॅनचं भांडण सातबाऱ्याचं. कुणी बनवला यावर कधी कुणाला शंकाच नव्हती, कंपनीलाही नव्हती. पुढची जवळपास दहा वर्षं तेच दोघं सुपरमॅन करत होते, त्याचे पैसे मिळत होते (फॉरवर्डमध्ये १३० डॉलर घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून उपाशी असं जे रंगवतात ते खरं नाही). १९४७ मध्ये ते हक्कांसाठी कोर्टात गेले, १९४८ मध्ये सुमारे ९४,००० डॉलरवर तडजोड झाली, काम गेलं, आणि त्यानंतर त्यांची नावंही कॉमिक्सवरून गेली. म्हणजे पाटी काढली ती सातबारा मागितला म्हणून. सत्तरच्या दशकात कॉपीराइटच्या नूतनीकरणावरून पुन्हा भांडले, पुन्हा हरले. १९७५ मध्ये सुपरमॅनच्या मोठ्या सिनेमाची तयारी चालू असताना सीगल लॉस एंजेलिसमध्ये टायपिस्ट-क्लार्कचं काम करत होता आणि शुस्टरची नजर जवळपास गेली होती. सीगलनं संतापून एक लांबलचक पत्रक काढलं, नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी ते प्रकरण लावून धरलं, आणि डिसेंबर १९७५ मध्ये कंपनीनं दोघांना वर्षाला प्रत्येकी २०,००० डॉलर आणि नाव परत दिलं. नाव परत दिलं, हक्क नाही. पाटी लागली, सातबारा कंपनीचाच राहिला. '१९७५ मध्ये त्यांना सुपरमॅन परत मिळाला' असं जे लिहितात त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

बॅटमॅनचं भांडण पाटीचं, आणि ते घरातलंच. इथे फिंगरच्या हातातली पाटी कंपनीनं हिसकावली नाही, ती त्याच्या हातात कधी आलीच नाही, कारण कंपनीशी बोलणी केननं एकट्यानं केली आणि करारात स्वतःचं एकट्याचं नाव घालून घेतलं. फिंगर केनचा माणूस, केन त्याला पैसे देणार, बाहेर नाव केनचं. कंपनीला माहीत नव्हतं असं मी म्हणत नाहीये, पुढे फिंगर थेट कंपनीसाठीच लिहायचा, सगळ्यांना माहीत होतं. पण मूळ दार बंद केलं ते मित्रानं. आणि बंदच ठेवलं. १९६५ मध्ये फिंगर एका कॉमिक्स संमेलनात बोलला, जेरी बेल्स नावाच्या चाहत्यानं त्यावर लेख लिहून हे सगळं उघड केलं, तर केननं जाहीर पत्र लिहून सांगितलं की बॅटमॅनचा जनक मीच, एकटा. फिंगर १९७४ मध्ये गेला, ५९ वर्षांचा होता. त्यानंतर १५ वर्षांनी, १९८९ मध्ये, केननं आत्मचरित्रात लिहिलं की बिलला त्याच्या हक्काचं कौतुक कधी मिळालं नाही. हे वाचून मला आजही राग येतो. जिवंतपणी एक ओळ लिहायला काय जात होतं?

हां, पण म्हणून लगेच दुसऱ्या टोकाला जाऊन 'केननं काहीच केलं नाही' असं लिहिणारेही मला पटत नाहीत. बॅटमॅन हे नाव, पहिली कल्पना आणि ती घेऊन संपादकाच्या दारात जाणं हे केनचंच. दोघांचा आहे बॅटमॅन. एवढं साधं वाक्य म्हणायला केनला पन्नास वर्षं लागली, तर आपण तरी उलट बाजूनं तीच चूक करू नये.

आता मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. सीगलच्या घरच्यांनी केस लढवली, मग फिंगरच्या घरच्यांनी तशीच का नाही लढवली? याचं उत्तर वरच्या फरकातच आहे. अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्यात अशी सोय आहे की कलाकारानं पूर्वी हक्क लिहून दिले असतील तर ठरावीक वर्षांनी तो किंवा त्याचे वारस ते परत मागू शकतात. यात दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे तुम्ही काहीतरी लिहून दिलेलं असलं पाहिजे, आणि दुसरी म्हणजे ते कंपनीच्या सांगण्यावरून, कंपनीच्या खर्चानं केलेलं काम नसलं पाहिजे. सुपरमॅन दोन्हीत बसतो. कंपनी आयुष्यात यायच्या आधीच त्या चौकटी काढून तयार होत्या, आणि सहीचा कागदही होता. म्हणजे ज्या कागदानं त्यांचं वाटोळं केलं त्याच कागदाच्या जोरावर सीगलची बायको जोॲन आणि मुलगी लॉरा यांनी १९९७ मध्ये नोटीस दिली, आणि २००८ मध्ये कोर्टानं मान्य केलं की ॲक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकातल्या मजकुरातला सीगलचा वाटा त्यांच्याकडे आलाय. बाप रे, काय दिवस होता तो, आम्ही मित्रांनी रात्री दोन वाजेपर्यंत फोनवर हेच केलं. पण २०१३ मध्ये वरच्या कोर्टानं ठरवलं की २००१ मध्ये कुटुंबाच्या वकिलानं पत्रानं स्वीकारलेली तडजोड हाच पक्का करार, आणि सातबारा पुन्हा कंपनीकडे. शुस्टरचे वारसही हरले, कारण तो १९९२ मध्ये गेल्यावर त्याच्या भावंडांनी वर्षाला २५,००० डॉलरच्या बदल्यात कंपनीशी नवा करार केला होता.

फिंगरकडे काय होतं? बॅटमॅन जन्मला तेव्हाचा त्याच्या सहीचा कंपनीशी झालेला कागदच नाही. परत मागायला आधी तुम्ही दिलेलं असावं लागतं, आणि देणारा म्हणून नोंद केनची. म्हणजे सीगल-शुस्टरला वाईट करारानं मारलं आणि फिंगरला करार नसण्यानं. हा फरक ज्याला कळला त्याला सगळं कळलं.

जॅक कर्बी या चित्रकाराचं मार्व्हलबरोबरचं प्रकरण पण लोक यातच ढकलतात, ते तिसरंच आहे. तिथे वारसांनी २००९ मध्ये हक्क परत मागणाऱ्या ४५ नोटिसा दिल्या, पण कोर्टानं म्हटलं की ते काम मार्व्हलच्या सांगण्यावरून आणि खर्चानं झालेलं, म्हणजे हक्क कर्बीचे कधी नव्हतेच. सुप्रीम कोर्ट केस घ्यायची की नाही ते ठरवणार त्याच्या तोंडावर, २०१४ मध्ये, दोन्ही बाजूंनी मिटवलं. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

आणि कृपा करून या सगळ्यांना 'सुपरमॅनचे निर्माते', 'बॅटमॅनचे निर्माते' लिहू नका. मराठीत निर्माता म्हटलं की सिनेमाला पैसे लावणारा डोळ्यांसमोर येतो, आणि इथे पैसे लावणारा आणि बनवणारा यांच्यातच तर भांडण आहे! 'जनक' हा चांगला शब्द आहे, तो वापरा.

फिंगरची पाटी अखेर लागली, ती कोर्टातून नाही. मार्क टायलर नोबलमन नावाच्या लेखकानं माग काढत काढत फिंगरची नात अथीना शोधली, लोकांना तोपर्यंत वारस आहे हेच ठाऊक नव्हतं. २०१२ मध्ये त्याचं फिंगरवरचं पुस्तक आलं, दबाव वाढला, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये डीसीनं जाहीर केलं की यापुढे फिंगरचं नाव येणार. २०१६ च्या, बॅटमॅन आणि सुपरमॅन दोघंही असलेल्या सिनेमात ते नाव मोठ्या पडद्यावर आलं.

आता नवीन सिनेमा किंवा अंक बघाल तेव्हा श्रेयाच्या त्या दोन ओळी नीट वाचा. सुपरमॅनच्या ओळीत जेरी सीगल 'आणि' जो शुस्टर असं असतं, आणि खाली जोडलेलं असतं की जेरी सीगलच्या कुटुंबाशी झालेल्या विशेष व्यवस्थेनुसार. ती खालची ओळ म्हणजे ते सातबाऱ्याचं भांडण आहे, शुस्टरच्या कुटुंबाचं नाव त्या ओळीत नाही. बॅटमॅनच्या ओळीत खाली असं काही नसतं. तिथे असतं बॉब केन, बिल फिंगर'सह'. सीगल आणि शुस्टरमध्ये 'आणि' आहे, इथे 'सह'. मी तो शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा मागे नेऊन बघितलं, वाटलं आपलंच चुकतंय. नाही, तिथे 'सह'च आहे.