दिनविशेष (शाळेच्या फळ्यावरचा)

दिनविशेष म्हणजे आजच्याच तारखेला मागे कधीतरी काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं याची एक-दोन ओळींची नोंद. पेपरच्या कोपऱ्यात असते, आता मोबाईलवर गुड मॉर्निंगच्या गुलाबाखालीही येते, पण आपल्याकडे तिचं खरं घर म्हणजे शाळेचा परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना झाली की एक पोरगं पुढे येऊन सुविचार सांगतं, दुसरं दिनविशेष वाचतं, तिसरं सामान्य ज्ञानाचा प्रश्न टाकतं आणि मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झालेली असते.

शब्द साधा, दिन अधिक विशेष. पण फळ्यावर हमखास चुकतो, कारण पोरं ‘दीनविशेष’ लिहितात आणि दीन म्हणजे गरीब, बापुडा. मी स्वतः पाचवीत असताना रंगीत खडूने, खाली वेलबुट्टी काढून, आठवडाभर ‘दीनविशेष’ लिहिला होता, कुणी टोकलं नाही.

त्याच फळ्याचा वरचा कोपरा नीट वाचला तर भाषेचा अर्धा धडा तिथेच होतो. वार आणि तिथी संस्कृत, तारीख अरबी, महिना फारसी, खाली ‘पट ४२, हजर ३८’ लिहिलेलं असतं त्यातला हजर पण अरबीच, फारसीतून आपल्याकडे आलेला. फळा स्वतः संस्कृत ‘फलक’ वरून. आणि मधल्या सुट्टीतल्या डब्यातला बटाटा पोर्तुगीज, गुरुजींचा पगार पण पोर्तुगीज.

नाशिकच्या फळ्याची एक चैन आहे, बऱ्याच तारखा चालत जाता येईल अशा ठिकाणी घडलेल्या. २१ डिसेंबर १९०९ ला कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरेंनी गोळ्या घातल्या ते जुन्या नाशकातलं विजयानंद थिएटर, त्या रात्री तिथे ‘शारदा’ नाटक होतं. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला तो पंचवटीतल्या काळाराम मंदिराच्या दरवाजांसमोर, आणि पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला धर्मांतराची घोषणा झाली ती येवल्याला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. आता १९३० हा आकडा नुसता पाठ केला तर दुपारपर्यंत विसरतो, पण ज्या दरवाजातून आपण आजीबरोबर दर्शनाला जातो तो दरवाजा अस्पृश्य ठरवलेल्या माणसांसाठी बंद होता आणि त्यासाठी पाच वर्षं लढावं लागलं हे कळलं की पोरगं घरी जाऊन विचारतं.

पण या फळ्याची एक गंमत कुणी बोलत नाही. शाळा असेल त्याच दिवसाचा इतिहास पोरांना कळतो! दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरला जन्मले ३० एप्रिल १८७० ला, त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला ३ मे १९१३ ला, सावरकर भगूरला जन्मले २८ मे १८८३ ला. तिघंही सुट्टीच्या तोंडावर नाहीतर ऐन उन्हाळी सुट्टीत, फळा कोरा. फाळके नाशकातच १६ फेब्रुवारी १९४४ ला वारले ते मात्र फळ्यावर येतं, त्यामुळे पोरांना ते गेले कधी ते माहिती, आले कधी ते नाही. कुसुमाग्रज त्या मानाने नशीबवान, २७ फेब्रुवारी भर शाळेत पडते. मात्र त्या दिवसाला ‘राजभाषा दिन’ लिहू नये, तो मराठी भाषा गौरव दिन. राजभाषा दिन १ मे ला असतो आणि त्या दिवशी पोरांचं लक्ष निकालात. २१ फेब्रुवारी हा जागतिक मातृभाषा दिन तिसराच. तिन्हींची मिसळ करून फॉरवर्ड दरवर्षी फिरतोच.

दुसरा घोळ तारीख की तिथी हा. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा ११ दिवसांनी कमी, ती तूट भरायला ३२-३३ महिन्यांनी अधिक मास येतो, म्हणून तिथी कॅलेंडरवर मागे-पुढे पळत राहते. शिवजयंती सरकारी हिशेबाने १९ फेब्रुवारीला, तिथीने फाल्गुन वद्य तृतीयेला. त्यात १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या ज्युलियन कॅलेंडरची तारीख, आजच्या कॅलेंडरने मोजली तर १ मार्च निघते. वाद घालायचा तर कुठूनही घालता येतो. नाशकात तिथी सोडून चालतच नाही, कारण पेशवेकालीन रहाडी फाल्गुन वद्य पंचमीलाच उघडतात, रंगाच्या त्या हौदात उडी मारायला इंग्रजी तारीख काही उपयोगाची नाही.

सामान्य ज्ञानाच्या प्रश्नात नाशिकची पोरं एका ठिकाणी फार जोरात असतात, ‘नोटा कुठे छापतात?’ विचारलं की अख्खा वर्ग एकदम ‘नाशिकरोड!’. बरोबरच आहे, १९२८ पासून छापतात. देवास, म्हैसूर आणि सालबोनी ही बाकीची तीन नावं मात्र क्वचितच कुणाला येतात. त्याच जोशात ‘आणि नाणी?’ विचारलं की पुन्हा नाशिकरोड. नाणी इथे पडत नाहीत, ती मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडाच्या टांकसाळीत.