भाषण तेच, आवाज वेगळा

व्यवस्थापक म्हटले की डोळ्यांसमोर पुरुषच येतो, ही समजूत मोजून दाखवली ती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया शाइन यांनी. 1973 साली त्यांनी विमा कंपन्यांतील पुरुष अधिकाऱ्यांना 92 विशेषणांची यादी दिली आणि तिच्या आधारे काहींना सर्वसाधारण स्त्रीचे, काहींना पुरुषाचे, तर काहींना यशस्वी व्यवस्थापकाचे वर्णन करायला सांगितले. व्यवस्थापकाचे वर्णन पुरुषाशी कितीतरी अधिक जुळले. दोन वर्षांनी स्त्री अधिकाऱ्यांच्या उत्तरांतूनही हेच निघाले, ही त्यातली अधिक बोचणारी गोष्ट.

अनुभवाने ही समजूत बदलते का, हे कंपन्यांत तपासणे कठीण असते, कारण स्त्रीला वरचे पद देणारी कंपनी मुळातच मोकळ्या विचारांची असू शकते. ती अडचण भारतातल्या पंचायतींनी दूर केली. 73व्या घटनादुरुस्तीनंतर पश्चिम बंगालमध्ये एकतृतीयांश प्रधानपदे (आपल्याकडची सरपंचपदे) स्त्रियांसाठी राखीव झाली आणि कोणती पंचायत राखीव, हे गावकऱ्यांच्या मतांवर नव्हे, तर आळीपाळीच्या यादृच्छिक पद्धतीने ठरले. लोरी बीमन, एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे या अर्थतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीरभूम जिल्ह्यातील गावकऱ्यांना नेत्याचे एकच भाषण ऐकवले, मात्र काहींना ते पुरुषाच्या आवाजात आणि काहींना स्त्रीच्या. जिथे प्रधानपद कधीच राखीव नव्हते, तिथल्या पुरुषांनी स्त्रीच्या आवाजातील नेत्याला कमी कार्यक्षम ठरवले. राखीव पंचायतींत हा फरक जवळजवळ नाहीसा झाला होता.

2009 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष क्वचितच सांगितला जातो. स्त्री कारभार करू शकते हे पटले, तरी नेता पुरुषच असावा ही आवड पुरुषांच्या मनातून गेली नाही. शिवाय जिथे प्रधानपद पहिल्यांदाच राखीव झाले, तिथल्या स्त्री प्रधानांचे काम पुरुषांच्या तोडीचे असूनही गावकऱ्यांनी त्यांना कमी लेखले. जिथे ते दुसऱ्यांदा राखीव झाले, तिथल्या स्त्री प्रधानांना मात्र असे कमी लेखले गेले नाही. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत आणि तरीही 'सरपंचपती' हा शब्द वापरातून गेलेला नाही, त्यामागे न बदललेली ही आवडही असावी, असे मला वाटते.

मतपेटीवर मात्र परिणाम दिसला, पण उशिरा: जिथे प्रधानपद लागोपाठ दोनदा राखीव राहिले, तिथे पुढे खुल्या जागांवर अधिक स्त्रिया उभ्या राहिल्या आणि निवडूनही आल्या. एकदाच राखीव राहिलेल्या पंचायतींत असा बदल आढळला नाही.