यहोवाचे साक्षीदार सोडल्यानंतरचे बायबलवाचन : पार्श्वभूमी

यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातून बाहेर पडलेले बरेच जण काही काळाने पुन्हा बायबल उघडतात आणि चकित होतात. आयुष्यभर हाताळलेले पुस्तक अनोळखी वाटू लागते. मराठी वाचकांच्या बाबतीत हे आणखी ठळकपणे दिसते, कारण पंथ चालवणाऱ्या संस्थेचे स्वतःचे मराठी भाषांतर येण्याआधी साक्षीदारांच्या हातात इतर मंडळ्यांत चालणारे बायबलच असे. मजकूर तोच, पुस्तकही तेच. बदलते ती वाचायची रीत. सभेत ‘टेहळणी बुरूज’ या संस्थेच्या नियतकालिकातला लेख परिच्छेदागणिक घेतला जातो. परिच्छेदासाठी प्रश्न छापलेला असतो, मजकुरात वचनाचा संदर्भ असतो, कोणीतरी ते वचन काढून वाचतो आणि उत्तर परिच्छेदातून दिले जाते. त्या वचनाच्या मागेपुढे काय लिहिले आहे, हे पाहायला सभेत सवड नसते.

या पंथाचा जन्मच शास्त्राच्या फेरवाचनातून झाला होता. १८७०च्या दशकात पेन्सिल्व्हेनियातील एका तरुणाला लहानपणी शिकवलेली नरकाची शिकवण पटेना. त्याने मित्रमंडळी जमवून बायबल पहिल्यापासून वाचायला घेतले आणि १८७९मध्ये नियतकालिक सुरू केले. १९३१मध्ये सध्याचे नाव आले. संस्थापकानंतरच्या अध्यक्षांच्या काळात कारभार मुख्यालयाच्या मुठीत गेला आणि काय वाचायचे, कसे वाचायचे हे तिथून ठरू लागले. १९२५मध्ये अब्राहामासारखे प्राचीन पुरुष पुन्हा जिवंत होतील ही भाकिते फसली तरी ही घडी मोडली नाही.

बहिष्काराची पद्धत मात्र बरीच उशिरा आली. १९४७च्या जानेवारीत संस्थेच्याच दुसऱ्या नियतकालिकाने कॅथलिक चर्चच्या बहिष्कृतीवर कडक टीका करून ती मूर्तिपूजकांकडून आलेली प्रथा ठरवली होती. त्यानंतर जेमतेम पाच वर्षांत, १९५२मध्ये, साक्षीदारांत बहिष्काराची रीतसर व्यवस्था लागू झाली. १९७४मध्ये सूर थोडा मऊ झाला. बहिष्कृत माणसाशी माणुसकीने वागायला हरकत नाही, असे लेख आले. पुढच्याच वर्षी, १९७५मध्ये, मानवी इतिहासाची ६,००० वर्षे पूर्ण होणार म्हणून जगाच्या अंताची जी अपेक्षा वाढवली गेली होती ती फोल ठरली आणि अनेकांनी मंडळी सोडली.

याच काळात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील मुख्यालयात काही जण संध्याकाळी लहान गटांत बसून नुसते बायबल वाचू लागले होते. सोबत प्रकाशने नाहीत, छापील प्रश्न नाहीत. त्यांच्या वर्तुळात पंथाचा सर्वोच्च कारभार पाहणाऱ्या नियमन मंडळाचा एक सदस्यही ओढला गेला. त्याने पूर्वी संस्थेच्या १९७१च्या बायबल ज्ञानकोशावर काम केले होते. कालगणनेची नोंद लिहिताना त्याला आढळले की जेरुसलेमचा पाडाव इ.स.पू. ६०७मध्ये झाला, या संस्थेच्या शिकवणीला बायबलबाहेरच्या इतिहासात आधार मिळत नाही. इतिहासकार ५८७ किंवा ५८६ धरतात. १९१४मध्ये येशू स्वर्गात अदृश्यपणे राज्य करू लागला, ही पंथाची सगळी मांडणी ६०७पासून केलेल्या मोजणीवर उभी आहे, हे साक्षीदारांना सांगायला नको. १९७७मध्ये स्वीडनमधल्या मंडळीत ‘वडील’, म्हणजे स्थानिक पुढारी, असलेल्या एका गृहस्थांनीही याच विषयावर सविस्तर प्रबंध मुख्यालयाला पाठवला. त्यांना १९८२मध्ये बहिष्कृत करण्यात आले. मुख्यालयात १९८०च्या वसंतात चौकश्या झाल्या, काही जणांना काढले गेले आणि त्या सदस्याकडून मे महिन्यात राजीनामा घेतला गेला.

मग १९८१ उजाडले. १५ ऑगस्टच्या ‘टेहळणी बुरूज’ने अशा लोकांचा समाचार घेतला जे म्हणत होते की एकट्याने किंवा घरी लहान गटात फक्त बायबल वाचले तरी पुरे. असे वाचणारे पुन्हा चर्चवाल्यांच्या जुन्या, धर्मत्यागी शिकवणींकडे वळतात, असे त्यात म्हटले होते. माझ्या मते संस्थेच्या इतिहासात यापेक्षा महत्त्वाचा मजकूर क्वचितच छापला गेला असेल. फक्त बायबल वाचले तर माणूस साक्षीदार राहत नाही, ही कबुली संस्थेनेच इथे दिली आहे.

महिन्याभराने, १५ सप्टेंबरच्या अंकात, दुसरा निर्णय आला. जो स्वतःहून मंडळी सोडतो त्यालाही बहिष्कृताप्रमाणेच वागवायचे. त्याच्याबरोबर जेवायचे नाही, साधा नमस्कारही करायचा नाही, कारण नमस्कारातून संभाषण सुरू होऊ शकते. राजीनामा दिलेला तो माजी सदस्य तेव्हा अलाबामात एका मित्राकडे नोकरी करत होता. त्या मित्राने त्याच वर्षी मार्चमध्ये, म्हणजे नियम बदलण्याआधी, मंडळी सोडली होती. त्याच्याबरोबर हॉटेलात जेवल्याच्या कारणावरून माजी सदस्याला नोव्हेंबरमध्ये बहिष्कृत केले गेले. तोवर त्याने चाळीसहून अधिक वर्षे पंथात घालवली होती.

नमस्काराच्या या नियमाला आधार दिला जातो तो योहानाच्या दुसऱ्या पत्राच्या १०व्या व ११व्या वचनांचा. बाहेर पडलेले लोक इथेच सर्वाधिक रेंगाळतात आणि ते स्वाभाविक आहे, कारण या दोन वचनांनी त्यांची आई, भाऊ, मुले तोडली. पत्र अवघे १३ वचनांचे आहे. सलग वाचले तर ७व्या वचनातच विषय स्पष्ट होतो : येशू ख्रिस्त देहाने आला हेच नाकारत फिरणारे शिक्षक. त्यांना घरात घेऊ नका, नमस्कारही करू नका, असे पत्र सांगते. सिगारेट सुटत नाही म्हणून काढलेला तरुण, किंवा शंका आल्या म्हणून सभेला जायचे थांबवलेली बाई, या पत्रात कुठेच नाही. पौल करिंथकरांना पहिल्या पत्रात व्यभिचारी माणसाबरोबर जेवू नका म्हणतो खरा; पण दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात बहुतेकांनी दिलेली शिक्षा आता पुरे, क्षमा करा, नाहीतर तो दुःखाने खचून जाईल, असेही लिहितो. न ऐकणाऱ्याला परराष्ट्रीय आणि जकातदार यांच्यासारखा माना, असे मत्तय १८मध्ये आहे. त्याच मत्तयाच्या नवव्या अध्यायात येशू जकातदारांच्या पंगतीला बसलेला आहे. ही वचने साक्षीदारांना पाठ असतात. मात्र ती शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची वेळ सहसा बाहेर पडल्यावरच येते.

असेच रक्ताचे. १९४५पासून रक्त घेणे निषिद्ध ठरले ते प्रेषितांच्या कृत्यांच्या १५व्या अध्यायावरून. त्याच यादीत मूर्तींना वाहिलेल्या अन्नाचीही मनाई आहे, आणि पौल मात्र बाजारात विकले जाते ते विवेकबुद्धीची चौकशी न करता खा म्हणतो. जगाचा अंत पाहणार असलेल्या ‘शेवटल्या पिढी’चा अर्थ संस्थेने १९९५मध्ये आणि पुन्हा २०१०मध्ये बदलला. तेव्हा अनेकांचे लक्ष लूक २१:८कडे गेले, जिथे वेळ जवळ आली आहे असे सांगणाऱ्यांच्या मागे जाऊ नका, असा इशारा आहे.

फेरवाचनाचा शेवट सगळ्यांचा सारखा होत नाही. काही दुसऱ्या चर्चमध्ये जातात, काही देवालाच सोडतात, काही बायबल प्राचीन साहित्य म्हणून वाचत राहतात. यापैकी कोणता मार्ग खरा, हे ठरवण्याची घाई त्यांच्यावर पुन्हा कोणी लादू नये.

गेल्या काही वर्षांत हा विषय न्यायालयांत पोहोचला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये बहिष्काराच्या निर्णयात हात घालायला नकार दिला. नॉर्वेने २०२२मध्ये बहिष्काराच्या मुद्द्यावरून अनुदान व नोंदणी काढून घेतली. २०२४मध्ये कनिष्ठ न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली आणि २०२५मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. दरम्यान २०२४मध्ये संस्थेने ‘बहिष्कृत’ हा शब्द बाजूला ठेवून ‘मंडळीतून काढलेला’ म्हणायला सुरुवात केली आणि अशा माणसाला सभेत थोडक्यात नमस्कार करायला, सभेचे निमंत्रण द्यायला मोकळीक दिली. धर्मत्यागी मानले गेलेल्यांना ही सवलत नाही. बायबल वाचून ज्यांचे मत बदलले आणि ज्यांनी ते बोलून दाखवले, ते याच गटात मोडतात, आणि त्यांच्यासाठी योहानाची ती दोन वचने अजूनही पुढे केली जातात.