स्तनकर्करोग : उपचारकाळातील व उपचारोत्तर दिनचर्या

शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार व संप्रेरक उपचार चालू असताना आणि ते संपल्यावर रुग्णाने ठेवावयाचा व्यायाम, आहार, वजन व व्यसनमुक्तीचा क्रम. तो उपचारांना पर्याय नव्हे. भारतीय स्त्रियांमधील कर्करोगांत स्तनकर्करोग पहिल्या क्रमांकावर असून २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार देशात त्या वर्षी सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले.

या विषयात सर्वांत जुना वाद शस्त्रक्रियेच्या बाजूच्या हाताला जड काम द्यावे की नाही याविषयीचा आहे. रक्तवाहिन्यांतून ऊतींत झिरपलेल्या द्रवाचा काही भाग लसीकावाहिन्या परत नेतात. या वाहिन्यांच्या वाटेवरील काखेतील ग्रंथी काढल्या किंवा त्यांवर किरणोपचार झाले की हा मार्ग अरुंद होतो आणि काही स्त्रियांच्या हाताला महिन्यांनी, कधी वर्षांनीही सूज येते. तिला लसीकाशोफ म्हणतात. अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांची छातीच्या स्नायूंसह संपूर्ण स्तन व काखेतील ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ होऊ लागली, तेव्हापासून ही सूज वैद्यकाच्या नजरेत आहे. १९२१ मध्ये खुद्द हॉल्स्टेड यांनी तिचे कारण मुख्यतः जंतुसंसर्गात शोधले. पुढे भर वाहिन्यांच्या अडथळ्यावर गेला आणि त्यातूनच ‘त्या हाताने जड उचलू नका’ हा सल्ला निघाला असावा. तो प्रयोगांवर उभा नव्हता, तरी अनेक दशके टिकला.

त्याला पहिला ठळक धक्का कॅनडात बसला. व्हँकूव्हर येथील क्रीडावैद्य डॉन मॅकेन्झी यांनी १९९६ मध्ये स्तनकर्करोगाचे उपचार घेतलेल्या २४ स्त्रियांना लांब ड्रॅगन बोट वल्हवायला शिकवले. वल्हवणे म्हणजे खांद्याची व दंडाची जोरकस, पुनःपुन्हा होणारी हालचाल. तरीही एकीलाही नव्याने सूज आली नाही. गट लहान होता व तुलनेला दुसरा गट नव्हता. निर्णायक मानावा असा पुरावा २००९ मध्ये कॅथरिन श्मिट्झ व सहकाऱ्यांच्या अमेरिकेतील चाचणीतून आला. आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांपैकी निम्म्यांना आठवड्यातून दोनदा वजने उचलण्याचा व्यायाम दिला. वर्षअखेर सूज लक्षणीय वाढलेल्यांचे प्रमाण व्यायाम करणाऱ्यांत ११ टक्के, तर न करणाऱ्यांत १२ टक्के होते. सूज अचानक बळावण्याचे प्रसंग मात्र अनुक्रमे १४ व २९ टक्के स्त्रियांत घडले, म्हणजे व्यायाम करणाऱ्यांत निम्मेच. सूज नसलेल्या स्त्रियांवरील २०१० च्या जोड-चाचणीतही व्यायामाने अपाय झाला नाही.

या निष्कर्षांचा अर्थ घरी जाताच हंडा उचलावा असा नव्हे. त्या स्त्रियांनी अगदी हलक्या वजनापासून प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सुरुवात केली. त्रास नसेल तरच वजन थोडे थोडे वाढवले आणि सूज असलेल्यांनी व्यायाम करताना हाताला दाब देणारी घट्ट बाही घातली. कणीक मळणे, धुणे पिळणे, भरली बादली नेणे ही कामेही याच चढत्या क्रमाने परत सुरू करावीत. हात कायमचा जपून ठेवल्याने स्नायू क्षीण होतात, खांदा आखडतो आणि मग साध्या कामाचाही ताण हाताला जड जातो. प्रस्तुत मजकुराचा कल म्हणूनच सावकाश सराव करण्याकडे आहे. त्या हाताचा रक्तदाब घेऊ नये, सुई टोचू नये या जुन्या नियमालाही २०१६ मधील एका मोठ्या अमेरिकन पाहणीत आधार मिळाला नाही. तिच्यात सुजेचा संबंध जास्त वजन, काखेतील ग्रंथी काढणे व त्वचेचा जंतुसंसर्ग यांच्याशी आढळला. म्हणून विळीने कापले किंवा फोडणीचे तेल उडाले तर जखम लगेच धुऊन औषध लावावे. हात लाल व गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. बांगडी एकाएकी घट्ट होऊ लागणे ही सुजेची पहिली खूण असू शकते. केवळ पहारेकरी ग्रंथी, म्हणजे गाठीकडून येणारा द्रव काखेत प्रथम जिथे पोहोचतो त्या मोजक्या ग्रंथी, काढून तपासण्याची पद्धत साधारण १९९० नंतर आल्याने सुजेचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवरून ५-६ टक्क्यांवर येते. पण आजार काखेपर्यंत पोहोचल्यावर येणाऱ्या स्त्रियांना तिचा लाभ कमी मिळतो.

उपचारांतील थकवा विश्रांतीने फारसा जात नाही, चालण्याने कमी होतो. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आठवड्यातून तीनदा अर्धा तास मध्यम व्यायाम व दोनदा स्नायुबळाचा व्यायाम सुचवला आहे. संप्रेरक गोळ्यांमुळे होणारी सांधेदुखीही व्यायामाने घटते. चालणाऱ्या स्त्रिया अधिक जगतात असे अमेरिकेतील परिचारिकांच्या २००५ च्या पाहणीत दिसले. परंतु ज्यांना बरे वाटते त्याच अधिक चालतात ही शंका त्यातून पुरती फिटत नाही.

आहाराबाबत दोन मोठ्या अमेरिकन चाचण्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत. २००६ मधील चाचणीत कमी स्निग्ध आहार घेणाऱ्यांत आजार उलटण्याचे (पुन्हा होण्याचे) प्रमाण घटले. २००७ मधील चाचणीत भरपूर भाज्या-फळे व कमी स्निग्धांश देऊनही फरक पडला नाही. पहिल्या चाचणीतील स्त्रियांचे वजन उतरले होते, दुसरीतील स्त्रियांचे नाही. उत्तरे वेगळी येण्याचे हे स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे. सोयाबीनमुळे आजार वाढेल ही धास्ती शांघायमधील सुमारे ५ हजार स्त्रियांच्या २००९ च्या अभ्यासाने बरीच दूर केली. जेवणातल्या हळदीला हरकत नाही. हळदीतील कर्क्युमिन या द्रव्याच्या कॅप्सूलने मात्र टॅमॉक्सिफेन या संप्रेरक उपचारातील औषधाच्या क्रियाशील रूपाची रक्तातील पातळी घटल्याचे एका छोट्या अभ्यासात आढळले, तेव्हा अशा गोळ्या व काढे डॉक्टरांना सांगूनच घ्यावेत. केमोथेरपीत तोंड आले असता मऊ भात, मुगाचे वरण, पेज चालते. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना उघड्यावरची कापलेली फळे टाळावीत. साखरेने गाठ वाढते या भीतीने जेवण तोडणे घातक आहे, कारण या काळात प्रथिने व ऊर्जा दोन्ही हवी असतात.

मद्य टाळावे. तंबाखूत मिश्रीही येते. महाराष्ट्रात अनेक स्त्रिया तिला व्यसन मानत नाहीत, म्हणून ती नाव घेऊन विचारावी लागते.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील (स्थापना १९४१) ८५० स्त्रियांवरील योगचाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये मांडण्यात आले. योगाची जोड मिळालेल्यांत रोगमुक्त राहण्याच्या प्रमाणात सुमारे १५ टक्के सापेक्ष सुधारणा सांगितली गेली. तेवढ्यावरून योगाने आजार पुन्हा होत नाही असे म्हणणे घाईचे ठरेल; जीवनमान सुधारते हा दावा अधिक भक्कम आहे. हाडे ठिसूळ झाली असतील किंवा आजार हाडांत पसरला असेल तर शीर्षासन, पाठीला पीळ देणारी व खोल वाकण्याची आसने वर्ज्य करतात. हातांवर भार येणारी आसने खांदा पूर्ण वर जाऊ लागल्यावरच घेतात.