लोखंडाची प्रत आणि लोखंडाचा हिशेब : थोडी पार्श्वभूमी

अकरावीला शाखा बदलली की लोखंडाचं रसायन विज्ञानाकडे जातं आणि व्यापार खातं वाणिज्याकडे. एका बाजूची मुलं दुसऱ्या बाजूचं पुस्तक पुन्हा उघडत नाहीत. लोखंडाच्या धंद्याचा इतिहास मात्र असा विभागलेला नाही. खनिजात लोखंड नेमकं किती आहे आणि एक टन लोखंड पडतं केवढ्याला, या दोन प्रश्नांची उत्तरं एकोणिसाव्या शतकात जवळपास बरोबरच मिळायला लागली, आणि एकाचं उत्तर नसेल तर दुसऱ्याचं मिळतच नव्हतं. म्हणून ही पार्श्वभूमी दोन्हींची मिळून लिहिली आहे.

आधी व्यापार खात्याकडे बघू. 1494 साली व्हेनिसमध्ये लुका पाचोलीच्या गणितग्रंथात द्विनोंदी पद्धतीचं, म्हणजे प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा असा दोनदा लिहिण्याच्या रीतीचं, वर्णन छापून आलं. तिथले व्यापारी ती पद्धत आधीपासून वापरत होतेच. त्यांच्या खतावणीत प्रत्येक मालाचं, बरेचदा प्रत्येक खेपेचं खातं वेगळं असे. मिरीची एक खेप आली की खरेदी, नावेचं भाडं, जकात हे सगळं त्या खात्याच्या नावे पडायचं आणि विक्री जमा व्हायची. माल संपला की उरलेली रक्कम नफा-तोट्याकडे न्यायची आणि खातं बंद करायचं. वर्षाअखेरीची घाई नव्हती, कारण प्रत्येक खेपेला स्वतःचा शेवट होता.

धंदा अखंड चालू लागला, कालचा माल आणि आजचा माल एकाच वखारीत मिसळू लागला, तेव्हा ही सोय संपली. फ्रान्सच्या 1673 च्या व्यापारविषयक फर्मानाने व्यापाऱ्यांना दर दोन वर्षांनी मालमत्तेची यादी करायला लावली. पुढे मालाच्या एका सरमिसळ खात्याऐवजी खरेदी, विक्री आणि साठा अशी वेगळी खाती झाली आणि वर्षाअखेरीला ती एकत्र आणणारं व्यापार खातं रूढ झालं. नावे बाजूला आरंभीचा साठा, खरेदी, आवक वाहतूक, मजुरी, इंधन. जमा बाजूला विक्री आणि अखेरचा साठा. उरतो तो ढोबळ नफा. यातल्या बहुतेक रकमा पावत्यांवरून येतात. अखेरच्या साठ्याची पावती मात्र कोणी देत नाही. ती रक्कम आपणच ठरवायची असते, आणि ती फुगली तर यंदाचा नफा तेवढाच फुगतो, पुढच्या वर्षी तीच रक्कम आरंभीचा साठा म्हणून नावे पडते आणि त्या वर्षाचा नफा खाली ओढते. साठ्याचं मूल्य खरेदीची किंमत आणि बाजारभाव यांत जे कमी असेल ते धरायचं, हा नियम त्यासाठीच आहे. पण बाजारभाव कशाचा? आवारात लाल मातीचा डोंगर पडलेला आहे. त्यात लोखंड किती हेच माहीत नसेल तर भाव लावणार कशाला?

इथे रसायन येतं. लोखंडाचा अणुभार 55.85. हेमेटाइट या लोखंडाच्या लाल खनिजात लोखंडाचे दोन आणि ऑक्सिजनचे तीन अणू. वजनाने हिशेब केला तर त्यात लोखंड 69.9 टक्के येतं. मॅग्नेटाइट या दुसऱ्या खनिजात 72.4. गोथाइटमध्ये पाणी बांधलेलं असतं, म्हणून तिथे 62.9 वरच थांबावं लागतं. ही वरची मर्यादा झाली. निसर्गात शुद्ध हेमेटाइट क्वचित मिळतं. त्यात वाळूतली सिलिका असते, मातीतलं अॅल्युमिना असतं, थोडं फॉस्फरस असतं आणि वर ओलावा असतो.

झोतभट्टीत वरून खनिज, कोक (दगडी कोळशापासून केलेलं इंधन) आणि चुनखडी टाकतात आणि खालून तापवलेली हवा सोडतात. कोक जळून शेवटी कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. तो वर चढताना खनिजातला ऑक्सिजन टप्प्याटप्प्याने ओढून घेतो : हेमेटाइटचं मॅग्नेटाइट, त्याचं आणखी कमी ऑक्सिजनचं ऑक्साइड आणि शेवटी लोखंड. चुनखडीतला चुना सिलिकाला धरतो आणि धातुमळी होऊन वितळलेल्या लोखंडावर तरंगतो. शुद्ध लोखंड वितळायला 1538 अंश सेल्सिअस लागतात, पण भट्टीत ते कोकमधला चारेक टक्के कार्बन शोषून घेतं आणि 1150 च्या आसपासच पातळ होतं. म्हणून ते वाहतं, साच्यात ओतता येतं, आणि म्हणूनच हे ओतीव लोखंड, म्हणजे बीड, ठिसूळही असतं. घडीव लोखंड, पोलाद आणि बीड यांच्यातला मुख्य फरक कार्बनचा आहे, हे 1786 साली फ्रान्समध्ये मोंज, बर्थोले आणि वँदरमाँद यांनी स्पष्ट केलं. तोवर माणसाने कित्येक शतकं उत्तम पोलाद बनवलं होतं, आपल्या दक्षिणेतल्या वुट्झ पोलादाची कीर्ती दूरवर गेली होती, पण ते सगळं हाताच्या आणि डोळ्याच्या अंदाजावर.

टक्का मोजण्याची सोपी आणि खात्रीची रीत 1846 साली आली. फ्रेंच रसायनज्ञ मार्गेरितने पोटॅशियम परमँगनेटने लोखंडाचं अनुमापन करून दाखवलं. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ज्याने ते केलं आहे त्याला तो रंग विसरता येत नाही. खनिजाची बारीक पूड आम्लात विरघळवायची, त्यातलं सगळं लोखंड फेरस रूपात आणायचं आणि ब्युरेटमधून जांभळं द्रावण थेंब थेंब सोडायचं. फेरस लोखंड एक इलेक्ट्रॉन देऊन फेरिक होतं आणि जांभळा रंग पडताक्षणी नाहीसा होतो. लोखंड संपलं की पुढचा थेंब फिकट गुलाबी रंग ठेवून जातो, तिथे थांबायचं. 0.1 नॉर्मल तीव्रतेच्या द्रावणाच्या दर मिलिलिटरला 5.585 मिलिग्रॅम लोखंड. नमुना 0.3 ग्रॅमचा आणि वाचन 32.2 मिलिलिटर आलं, तर खनिज 60 टक्क्यांचं. अर्धा मिलिलिटर चुकला तर जवळपास एक टक्का इकडचा तिकडे होतो.

रीत उपलब्ध झाली म्हणून भट्टीवाल्यांनी लगेच उचलली नाही. पुढची पंचवीसेक वर्षं भट्टी चालायची ती मुख्य कारागिराच्या नजरेवर आणि खाणीच्या नावावर. नाव मोठं तर खनिज चांगलं. भट्टी तुंबली तर नशीब वाईट.

अमेरिकन उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी पिट्सबर्गच्या या धंद्यात उतरला तो पेनसिल्व्हानिया रेलरोडमधून. रेल्वेत खर्चाची नोंद काटेकोर ठेवावी लागे. लोखंडाच्या कारखान्यांत त्याला उलटंच दिसलं. कोणत्या प्रक्रियेला किती खर्च येतो हे कोणालाच सांगता येईना. वर्षाअखेरीला मालाची मोजदाद होऊन वह्या जुळेपर्यंत नफा झाला की तोटा याचा मालकाला पत्ता नसे. ही हकीकत त्याच्या आत्मचरित्रातच आहे. म्हणजे वर सांगितलेलं व्यापार खातं तिथे होतं, पण ते वर्षातून एकदाच बोलायचं आणि सगळ्या कारखान्याबद्दल मिळून एकच वाक्य बोलायचं. त्याने जागोजागी वजनकाटे बसवले, प्रत्येक टप्प्यावर किती माल आत गेला आणि किती बाहेर आला हे लिहायला लावलं. व्यवस्थापकांना ते अजिबात आवडलं नाही आणि घडी बसायला वर्षं लागली.

या नोंदींमुळे एक गोष्ट उघड झाली, ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. लोखंड लाल होईपर्यंत तापवलं की त्याच्या पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन बसतो आणि ऑक्साइडची खपली होऊन गळून पडते. ही घट डोळ्यांना किरकोळ दिसते. आत-बाहेरचं वजन लिहिलेलं असलं की ती टनांत दिसते. सीमेन्सची गॅसवर चालणारी भट्टी महाग म्हणून पिट्सबर्गचे जुने जाणते ती घ्यायला तयार नव्हते. कार्नेगीने घेतली, कारण मोठे तुकडे तापवताना होणारी घट काही वेळा जवळपास निम्म्यावर येते हे त्याला वजनाच्या नोंदीत दिसत होतं. ऑक्सिडीकरण ही रासायनिक क्रिया हिशेबात तोटा म्हणून पकडली गेली, आणि मगच तिच्यावर उपाय करावासा वाटला.

1872 मध्ये त्याची ल्यूसी ही झोतभट्टी पेटली. सुरुवातीला तीही अडखळत होती. तेव्हा कंपनीने डॉ. फ्रिके नावाच्या जर्मन रसायनज्ञाला नेमलं. त्याने नमुने तपासले आणि नामांकित खाणींच्या खनिजात सांगितल्यापेक्षा दहा, पंधरा, काहींत वीस टक्के लोखंड कमी निघालं. नाव खराब असलेल्या काही खाणींचं खनिज उत्तम निघालं. मिसूरीतल्या पायलट नॉब खाणीचं खनिज भट्टी तुंबवतं अशी ख्याती होती. तपासणीत त्यात फॉस्फरस कमी पण सिलिका भरपूर दिसली. म्हणजे दोष चुनखडीच्या प्रमाणाचा होता. चुना नीट घातला की ते खनिज पहिल्या प्रतीचं ठरलं, आणि बाकीच्यांना त्याचा पत्ता लागेपर्यंत कार्नेगीच्या कंपनीला ते स्वस्तात मिळत राहिलं. दुसऱ्या भट्ट्यांचे मालक मात्र आपल्याला रसायनज्ञ परवडत नाही असं बराच काळ म्हणत राहिले. त्याचा पगार खर्च म्हणून वहीत ठळक दिसत होता. त्याच्याविना होणारा तोटा खरेदीच्या रकमेत दडलेला होता, तो वेगळा दिसायची सोयच नव्हती.

1875 मध्ये एडगर थॉमसन पोलाद कारखाना सुरू झाला, तिथे रेल्वेतूनच आलेल्या विल्यम शिनने व्हाउचर पद्धत लावली. प्रत्येक विभागाला किती माल आणि मजुरी लागली याचं स्वतंत्र पत्रक निघू लागलं. नंतरच्या उत्पादन खात्याची आणि परिव्यय लेखांकनाची (उत्पादनाचा खर्च मोजणाऱ्या हिशेबाची) बरीचशी सवय अशा कारखान्यांतून पडली. यंत्रांइतकंच श्रेय या पत्रकांना द्यायला हवं, असं माझं मत आहे.

फॉस्फरसची गोष्ट थोडी आधीची आहे. इंग्रज संशोधक हेन्री बेसेमरने 1856 मध्ये वितळलेल्या बिडातून हवा फुंकून पोलाद करण्याची रीत जाहीर केली. परवाने घेणाऱ्यांनी पैसे मोजले आणि हाती आलं फॉस्फरसमुळे ठिसूळ झालेलं पोलाद. बेसेमरने प्रयोगाला वापरलेलं बीड योगायोगाने कमी फॉस्फरसचं होतं, परवानेदारांचं नव्हतं. कार्बन जळून जात होता, पण सिलिकाच्या विटांचं अस्तर आम्लधर्मी असल्याने फॉस्फरसचं ऑक्साइड धरून ठेवायला तिथे काही नव्हतं. परिणामी कमी फॉस्फरसच्या खनिजाला मोल आलं आणि बाकीच्या खाणी पोलादाच्या कामी निरुपयोगी ठरल्या. लंडनच्या पोलीस कोर्टात कारकून असलेला सिडनी गिलख्रिस्ट थॉमस आणि त्याचा रसायनज्ञ मामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट यांनी 1870 च्या दशकाच्या अखेरीस डोलोमाइट या अल्कधर्मी खडकाचं अस्तर लावून आणि चुना घालून हा पेच सोडवला. फॉस्फरस धातुमळीत गेला आणि ती मळी दळून खत म्हणून विकली जाऊ लागली. जो घटक मालाची किंमत पाडत होता तो विक्रीच्या बाजूला जमा झाला.

ही साखळी पुढे आपल्याकडे येते. चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या खनिजावरचा फॉन श्वार्ट्झचा 1882 चा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. लोहाऱ्याचं खनिज समृद्ध होतं आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ होता. पण तो कोळसा कोक करायला योग्य ठरला नाही, आणि कोक नाही तर कार्बन मोनॉक्साइड नाही. 1902 मध्ये जमशेटजी अमेरिकेला गेले आणि पिट्सबर्गला ज्युलियन केनेडीला भेटले. हा केनेडी कार्नेगीच्याच झोतभट्ट्यांवर तयार झालेला माणूस. त्याने सल्लागार अभियंता चार्ल्स पेज पेरिनचं नाव सुचवलं आणि पेरिनने सी. एम. वेल्डला पाहणीसाठी भारतात पाठवलं. चांद्याची पाहणी निराशाजनक ठरल्यावर दोराबजी टाटा ते कळवायला नागपूरच्या सचिवालयात गेले. वाट बघताना समोरच्या संग्रहालयात शिरले तर भूगर्भीय नकाशावर दुर्ग जिल्ह्याचा एक भाग गडद रंगवलेला दिसला. वेल्ड तिकडे गेला आणि धल्ली-राजहऱ्याचे खनिजाचे डोंगर सापडले. कोळसा आणि पाणी जवळ नसल्याने तिथे कारखाना झाला नाही. 1904 मध्ये भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोसांनी मयूरभंजच्या खनिजाबद्दल जमशेटजींना लिहिलं. जमशेटजी त्याच वर्षी गेले. कंपनी 1907 मध्ये स्थापन झाली आणि पोलाद 1912 मध्ये निघालं. राजहऱ्याचं खनिज पुढे भिलाईच्या भट्ट्यांत गेलं.

गोव्याच्या खनिजाला ही पार्श्वभूमी आणखी जवळून लागू पडते. ते बरंचसं 60 टक्क्यांच्या आतलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने आणि नंतर चीनने ते मोठ्या प्रमाणावर घेतलं. जगात खनिजाचा भाव ठरावीक टक्क्याच्या प्रतीवर (2025 पर्यंत बहुधा 62 टक्क्यांच्या) बोलला जातो आणि तोही कोरड्या टनाला. समजा 50,000 टन ओलं खनिज जहाजात चढलं आणि ओलावा 8 टक्के आहे. मग विकला जाणारा माल 46,000 टन. टक्का 58 ऐवजी 57 निघाला तर 460 टन लोखंड कमी. टक्का कमी भरला तर वजावट, सिलिका किंवा अॅल्युमिना ठरल्यापेक्षा जास्त निघालं तर आणखी वजावट. अॅल्युमिनाने धातुमळी घट्ट होते, ती पातळ ठेवायला जास्त इंधन जाळावं लागतं, आणि घेणारा तो खर्च आधीच भावातून काढून घेतो.

म्हणून अशा सौद्यात बिल बहुधा दोनदा होतं. जहाज भरताना काढलेल्या नमुन्यावर तात्पुरतं बिल, आणि पोहोचल्यावर तिथल्या तपासणीवरून अंतिम. दोन्ही प्रयोगशाळांचे आकडे ठरलेल्या मर्यादेपलीकडे वेगळे आले तर राखून ठेवलेला नमुना तिसऱ्या प्रयोगशाळेकडे जातो. मधल्या काळात 31 मार्च आला तर विकणाऱ्याला तात्पुरत्या आकड्यावरच व्यापार खातं बंद करावं लागतं. अंतिम अहवाल आला की फरकाची रक्कम विक्रीत वाढते किंवा कमी होते.